रिकामे माप

‘सभासद क्रमांक सतरा, श्री. वाइनो सारेला, वय एकोणऐंशी, यांनी वार्धक्यजन्य विस्मरणामुळे बारूद न भरलेले काडतूस स्वतः तयार केले व ते सामन्यात वापरून इतरांचे प्राण धोक्यात आणले.’ आमच्या रायफल क्लबच्या सुरक्षा समितीचे हे वाक्य मंगळवारी सकाळी टपालाने माझ्या घरी आले. सोबत पिवळ्या चिठ्ठीवर क्लबचा चिटणीस डेल क्रूगर याचे अक्षर: ‘सोल्वेगबाई, तुमची भाषा चांगली. गुरुवारच्या आधी जरा नजर फिरवा.’ क्लबची इतिवृत्ते मी लिहिते, म्हणून आरोपपत्राला इस्त्री करण्याचे कामही माझेच, असे त्याला वाटले असावे. मी कॉफी तशीच ठेवली आणि लाल पेन्सिल शोधली. सवय जात नाही. चौतीस वर्षे मी सातशे वर्षांपूर्वीची खटल्यांची दप्तरे वाचली आणि विद्यार्थ्यांना वाचायला शिकवली. धनगर, विणकर, सुईणी कोर्टापुढे उभे राहतात आणि बघता बघता कोर्टाला हवे तेच बोलू लागतात. पानाच्या तळाशी लेखनिक ठरलेले वाक्य लिहितो: हे त्याने स्वखुशीने व दबावाविना सांगितले. त्या एका वाक्याने मला आयुष्यभराचा राग पुरवला. तो राग उष्ण नाही. शीतपेटीत ठेवल्यासारखा आहे आणि म्हणून टिकला आहे.

तर, समितीचे वाक्य. त्यात वय तेवढे खरे आहे. ‘विस्मरण’ कोणी तपासले? समितीत एक दंतवैद्य, एक विटांचा व्यापारी आणि बर्फ काढण्याची यंत्रे दुरुस्त करणारा डेल. वाइनोला १९७१ सालच्या सामन्यातला वारा कोणत्या बाजूने होता हे आठवते. समितीला स्वतःच्या मागील बैठकीची तारीख मला विचारावी लागते. ‘स्वतः तयार केले’ हे कोणी पाहिले? कोणीच नाही. त्याच्या डब्यात पन्नास काडतुसे होती. उरलेली एकोणपन्नास समितीने उघडून तोलली, आणि त्या एकोणपन्नासांत बारुदीच्या एका काडीचाही फरक निघाला नाही, हे अहवालातच, परिशिष्टात, लहान टाइपात छापले आहे. एकोणपन्नास वेळा अचूक राहून पन्नासाव्याला दगा देणारे विस्मरण मी पुस्तकात वाचलेले नाही. आणि ते पन्नासावे काडतूस सामन्याचे पहिलेच असावे? विसरणारा माणूस असा नेमका क्रमांक निवडत नाही. दप्तरात एखादी ओळ बाकीच्यांपासून अशी वेगळी उभी राहिली की मी विद्यार्थ्यांना विचारत असे, इथे हात, म्हणजे लिहिणारा, बदललेला दिसतो का?

राहिले ‘प्राण’. शनिवारी मी त्याच्या डाव्या बाजूच्या चटईवर पालथी पडले होते, हातभर अंतरावर. सरोवराकडून वारा येत होता, वारा दाखवणाऱ्या झेंड्या अर्ध्याच उचलल्या होत्या. लोहखनिज नेणारी जहाजे शरदात, सरोवर गोठण्याआधी, घाईला येतात. त्यांपैकी एकाचा भोंगा वाजून विरला आणि वाइनोने चाप ओढला. बार उडालाच नाही. पलीकडच्या खोलीत कोणी पुस्तक मिटावे तेवढा आवाज झाला. अशा वेळी नवखा नेमबाज दुसरे काडतूस सारतो आणि पुन्हा चाप ओढतो. बारूद नसली तरी काडतुसाच्या बुडाला ठिणगी पाडणारी जी टोपी असते, तिच्या जोराने पहिली गोळी नळीत शिरून अडकलेली असते, दुसरी तिच्यावर आदळते आणि नळी फाटते. वाइनोने रायफलीचा बोल्ट उघडला, काडतुसाची रिकामी पुंगळी डोक्यावरची टोपी काढून तीत ठेवली आणि हात वर केला. ‘थांबा रे सगळे,’ एवढेच म्हणाला. डेल धावत आला. पितळी सळईने ठोकून गोळी बाहेर काढली, तेव्हा वाइनोने ती तळहातावर घेतली आणि इतका वेळ पाहत राहिला की डेलनेच नजर वळवली. प्राण वाचवणाऱ्या त्या वर केलेल्या हाताचा अहवालात उल्लेख नाही.

मी लाल पेन्सिलीने अकरा मुद्दे लिहिले. अकराव्यापाशी पेन्सिल थांबली. हात बदललेला दिसतो का? आदल्या मंगळवारी त्याच्या तळघरातल्या टेबलावर मी स्वतः वीस काडतुसे भरली होती. नवखी मी आहे. त्या वीसांतले एखादे त्याच्या डब्यात गेले असेल आणि हा म्हातारा मला झाकत असेल, तर माझे अकराही मुद्दे माझ्याच अंगावर येत होते. कॉफी गार झाली होती. ती मी तशीच प्यायले.

रायफलीशी माझा संबंध तीन वर्षांचा. निवृत्तीच्या समारंभात मला पेन मिळाले, त्यानंतर घरात शांतता मिळाली, आणि त्या शांततेत माझे हात थरथरतात हे मला प्रथमच दिसले. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मन. बंदुकीच्या माणसांविषयी तोवर माझे मत विद्यापीठातल्या सगळ्यांचे असते तेच होते, म्हणजे मत होते, ओळख नव्हती. नळाचे वायसर घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेले असताना शेजारी एक म्हातारा पितळी पुंगळ्या खिडकीच्या उजेडात धरून एकेकीचे तोंड पाहत होता. माझ्या हाताकडे पाहून म्हणाला, ‘श्वास पुरा सोडत नाही तुम्ही.’ मी म्हटले, ‘आपली ओळख?’ म्हणाला, ‘ओळख कशाला हवी? कानाला ऐकू येतंय.’ पुढच्या आठवड्यात मी त्याच्या चटईवर पालथी पडले होते. श्वास सोडायचा आणि पुढचा घेण्याआधी जी रिकामी जागा उरते, तिच्यात चाप ओढायचा. त्या जागेत माझा हात थरथरत नसे. बासष्ट वर्षे मी त्या जागेवरून रोज वीस हजार वेळा गेले असेन आणि एकदाही थांबले नव्हते.

मी दचकत असे. बार उडण्याआधीच खांदा आखडे. ‘मी दचकत नाही,’ असे मी त्याला पुराव्यानिशी सांगितले. माझी काडतुसे तोच भरून देऊ लागला आणि त्यांत कधीतरी एक मेलेले सारू लागला, ज्यात बारूदही नाही आणि बुडाची टोपीही वापरून संपलेली. मी चाप ओढला, टक झाले, बार नाही, आणि रायफलीचे तोंड तरीही खाली झुकले. माझा खोटेपणा माझ्याच डोळ्यांपुढे शंभर यार्डांवर टांगला गेला. ‘प्रोफेसरीणबाई,’ तो म्हणाला, ‘बाहेरचा आवाज मी बंद केला. आता आतला तुम्ही बघा.’ नेमबाजांत नवख्याला असेच शिकवतात. कोण चुकतो हे कोणी सांगत नाही. एक रिकामे काडतूस देतात आणि बाजूला पडून राहतात.

मग तळघर. सौनाची, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाची खोली, तिच्या पलीकडे लांब लाकडी टेबल, तेलाचा आणि वेलदोड्याच्या पावाचा एकत्र वास. वाइनो पुंगळी पुन्हा जन्माला घालतो, हे मी तिथे पाहिले. झडलेली पुंगळी पुसायची, प्रेसमधून काढून जुन्या आकारात आणायची, बुडाला नवी टोपी बसवायची, टोप्या बसलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत ओळीने उभ्या करायच्या. मग बारूद मोजून सोडणाऱ्या मापाचा दांडा खाली, दांडा वर, मोजकी बारूद पुंगळीत. मग दिव्याखाली ठोकळा तिरका करून प्रत्येक तोंडात डोकावायचे. शेवटी गोळी. मला वाटले होते हे मारण्याचे शास्त्र असेल. निघाले हस्तलिखित नकलून काढण्याचे. तोच मजकूर, पुन्हा, चूक न करता. आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको लेम्पी. चाळीस वर्षे ती त्याच्याबरोबर काडतुसे भरत आली होती. आता तिला दिवस, महिने, मुलीचे नाव, काही धरून ठेवता येत नाही. मी गेले की विचारते, ‘तू कोणाची गं?’ आणि मी उत्तर दिले की समाधानाने म्हणते, ‘मग बस.’ पण तिचे हात विसरलेले नाहीत. पुंगळी घेते, मापाखाली धरते, दांडा खाली, दांडा वर, गोळी बसवते, रांगेत ठेवते. ते करताना ती गुणगुणते. टेबलापासून उठवले की रडते.

बुधवारी दुपारी दोनला मी अकरा मुद्दे पर्समध्ये घालून त्यांच्याकडे गेले. दार उघडेच होते. तळघरातून ठकठक ऐकू आली. वाइनो एकटा होता, हातात प्लास्टिकची हातोडी, जिच्या पोटात काडतूस अडकवून ती फरशीवर आपटली की गोळी सुटून बाहेर येते. एक आपटायचा, गोळी एका डब्यात, पुंगळी दुसऱ्यात. समोर लेम्पीची सकाळची रांग होती, तीस-एक काडतुसे, अर्धी सुटलेली. हातोडीतून गोळ्या निघत होत्या, बारुदीचा कण निघत नव्हता.

‘झोपलीय,’ तो हळू म्हणाला. ‘तासभर मिळतो.’

‘हे रोज?’

‘तीन वर्षं झाली. मेलेल्या टोप्यांच्याच पुंगळ्या देतो तिला. हे जुनं लोखंडी माप तिचं, आत दिसत नाही. त्यात काही नसतं.’ त्याने दांडा खाली-वर केला. आत काहीच सरकले नाही. ‘खरी बारूद कपाटात, कुलपात. माझी काडतुसं मी पहाटे भरतो, ती उठायच्या आत.’

‘म्हणजे उद्या सकाळी ती ह्याच पुंगळ्या, ह्याच गोळ्या...’

‘हो. संपत नाहीत ना. बरं असतं.’

मी स्टुलावर बसले. शनिवारचे काडतूस माझे होते का, हे विचारायचे होते. वाक्य बांधता बांधता त्याने ते ओळखले. ‘तुमचं नव्हतं ते, बाई. तुमच्या वीसात एक जड निघालं होतं, ते मी तेव्हाच बाजूला काढलं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही भाषण दिलं असतंत.’ मग हातोडी खाली ठेवून त्याने सांगितले, आणि मी माझी पर्स मांडीवर घट्ट धरून ऐकले.

शुक्रवारी तो टेबलाशीच होता. पुढच्या आठवड्यासाठी पुंगळ्यांना नव्या टोप्या बसवून ठोकळा भरला होता, तेवढ्यात मुलीचा, आइलाचा, मिनियापोलिसहून फोन आला. आईसाठी शुश्रूषागृहात नाव लावलंय, बाबा, रांगेत चौथं आहे. तो फोन घेऊन जिन्यात गेला, कारण लेम्पीपुढे हे बोलवत नाही. दहा मिनिटे लागली. शनिवारी सकाळी तो निघाला तेव्हा लेम्पी अंगावरच्या झग्यात दाराशी आली आणि त्याच्या तळहातावर एक काडतूस ठेवून म्हणाली, ‘पहिली माझी.’

‘हे ती चाळीस वर्षं म्हणायची,’ वाइनो म्हणाला. ‘प्रत्येक सामन्याची पहिली गोळी तिनं भरलेली. तीन वर्षांत म्हणाली नव्हती. माझं नाव घेतलं, बाई. वाइनो, पहिली माझी.’

‘तुम्ही तोललं नाही.’

‘तराजू तिथंच होता.’

‘बुडाची टोपी तरी पाहायचीत. मेलेल्या टोपीला खळगा असतो, तुम्हीच शिकवलंत.’

‘पाहणं म्हणजे तपासणंच की. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.’ तो थोडा हसला. ‘डब्यातलं एक काढून तिथं तिचं ठेवलं. मेलेलंच असणार, असं धरून चाललो. टक होईल, शून्य लागेल, लागू दे. घरी येऊन सांगायचं, पहिली तुझी, मध्यावर बसली. रविवारी ठोकळा उचलला तर एक भोक रिकामं. जिवंत टोपीची पुंगळी घेतली तिनं, ह्या मापाखाली धरली, दांडा ओढला. तिच्या हातून काय चुकलं, सांगा बघू?’

ज्यांच्या चुका शोधण्यात माझे आयुष्य गेले त्यांतली एकही ओळ इतकी निर्दोष नव्हती.

माझी आई ज्या शुश्रूषागृहात वारली तिथे मी दर रविवारी पुस्तक घेऊन जात असे. ती म्हणे, आज मंगळवार ना, मासे आणायला हवेत. मी म्हणे, आई, आज रविवार. ती म्हणे, तुझे बाबा उशीर करतायत. मी म्हणे, आई, बाबांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. दर वेळी तिला ती बातमी नव्याने मिळे, आणि दर वेळी तिचा चेहरा पहिल्यांदाच पडे. मी तिला सत्यापासून वंचित ठेवणार नव्हते. माझी ती विद्वत्ता होती. कितीदा मारले मी बाबांना? बावन्न रविवार, तीन वर्षे. एकदा तिने माझ्या हातावर थोपटले आणि म्हणाली, ‘तुला सगळं माहीत असतं, नाही का?’ ते मी कौतुक समजून घरी घेऊन आले. पुढे किती वर्षांनी कळले की त्यात थकवा होता. दुरुस्ती मीही केली, वाइनोही करतो. तो तिला झोप लागण्याची वाट पाहतो.

‘माझ्याकडे अकरा मुद्दे आहेत,’ मी म्हटले. ‘समितीचा अहवाल उद्या पाच मिनिटांत उभा राहणार नाही.’

‘वाचा.’

मी वाचले. तो लक्ष देऊन ऐकत होता, मध्ये एकदा मान डोलावली, एकोणपन्नासांच्या मुद्द्यावर. मग म्हणाला, ‘छान लिहिलंय. डेलला घाम फुटेल. आणि मग नियम नऊ.’

नियम नऊ मीच तीन वर्षांपूर्वी शुद्ध भाषेत लिहून काढला होता. सभासदाने आरोप अमान्य केल्यास समितीचे दोन सदस्य त्याच्या घरी जाऊन काडतुसे भरण्याच्या जागेची पाहणी करतील. दोन सदस्य हा जिना उतरणार, टेबलाच्या टोकाला लेम्पी गुणगुणत बसलेली असणार. वाईट माणसे नव्हेत ती, काळजीच करतील. आणि काळजीपोटी आइलाला फोन जाईल: घरात बारूद, आणि अशी बाई. रांगेतले चौथे नाव पहिले होईल.

‘आणि मान्य केलंत तर?’

‘तर रेंजवर पाय ठेवायचा नाही. कायमचा.’ त्याने लेम्पीच्या रांगेतले पुढचे काडतूस हातोडीत अडकवले. ‘बावन्न वर्षं पडलो त्या चटईवर. कोपर दुखतंच आता.’

‘कोपर दुखत नाही तुमचं.’

‘दुखेल, दुखेल,’ तो म्हणाला, आणि हातोडी आपटली.

वरून जिन्यात लेम्पीची हाक आली. वाइनोने उरलेली रांग एका झटक्यात फडक्याखाली सारली, इतक्या सराईतपणे की मला चोरीच पाहिल्यासारखे वाटले. ती खाली आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. मला म्हणाली, ‘तू कोणाची गं?’

मी नेहमी नाव सांगते, आडनाव सांगते, कुठे राहते ते सांगते. ‘तुमचीच,’ मी म्हटले.

‘मग बस,’ ती म्हणाली. तिने पुंगळी उचलली, रिकाम्या मापाखाली धरली. दांडा खाली, दांडा वर. नंतर दिव्याखाली तिरकी करून आत डोकावली, आणि तिला जे दिसायला हवे होते ते दिसले असावे, कारण तिने गोळी बसवली आणि काडतूस माझ्यापुढे ठेवले. मी ते तपासले नाही. आजही माझ्या खिडकीत उभे आहे.

गुरुवारी चार वाजता क्लबच्या खोलीत सहा माणसे, एक कॉफीची किटली आणि कोणीतरी घरून आणलेला बटाट्याच्या भाजलेल्या पदार्थाचा ट्रे. डेल टेबलाच्या मधोमध बसला होता आणि वाइनोकडे पाहत नव्हता. नवव्या वर्षी त्याला ह्याच म्हाताऱ्याने चटईवर पालथे पाडले होते, श्वास सोडायला शिकवले होते. अहवालाची ती विद्रूप भाषा अशा माणसाची होती, हे माझ्या लाल पेन्सिलीला मंगळवारी दिसले नव्हते. तो घाबरला होता. शनिवारी त्या नळीपाशी सर्वांत आधी तोच धावला होता.

‘वाइनो,’ तो म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणा. मग आम्ही घरी येऊन बघू, काहीतरी दुसरंच निघेल. प्रेस सैल असेल, माप अडकत असेल. नाही म्हणा ना. मी स्वतः येतो बघायला.’

‘तू कशाला येतोस, डेल. तुझी यंत्रं पडलीत दुकानात. बर्फ येईल आता.’

‘सोल्वेगबाई, तुम्ही तरी सांगा. तुम्ही वाचलाय अहवाल. काही चुका?’

सगळे माझ्याकडे वळले. पर्स मांडीवर होती, कागद चार घड्यांत होता, अकराही मुद्दे मला पाठ होते. वाइनोनेही पाहिले. हार्डवेअरच्या दुकानात पुंगळीच्या तोंडाकडे पाहत होता तसेच, उजेडात धरून. मी श्वास सोडला, पुरा. पुढचा घेण्याआधीच्या त्या जागेत माझा हात स्थिर होता.

‘दोन ठिकाणी स्वल्पविराम हवा होता,’ मी म्हटले. ‘तो घातला आहे.’

विटांचा व्यापारी हसला. डेल हसला नाही. त्याने नियमाप्रमाणे विचारले की काय घडले ते सभासदाने स्वतःच्या शब्दांत सांगावे, म्हणजे नोंद होईल. विसरलात असे लिहायचे का? वाइनो उठून उभा राहिला, टोपी काढली. तो सावकाश बोलला, मला उतरवता यावे म्हणून एकेका शब्दाला थांबला. माझ्या आयुष्यात मी शेकड्यांनी कबुल्या वाचल्या आहेत आणि त्यांतला खोटा शब्द मला दुरूनही दिसतो. ह्यात मी तो शोधला, मिळाला नाही. स्वखुशीचे ठरलेले वाक्य मी खाली जोडले नाही. त्याची गरज इथे कोणाला पडू नये. इतिवृत्तात नोंद आहे ती एवढीच:

‘विसरलो असं लिहू नका. मापात बारूद भरणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. काडतूस तपासायला हवं होतं, तेही मुद्दाम केलं नाही. बाकी त्या काडतुसात सगळं अगदी बरोबर झालं होतं.’